सिल्लेवानीच्या उतारावर ब्रेकचं पेडल दगड झालं तेव्हापासून

माझी पिकअप २००८ची. डिझेल, पॉवर स्टिअरिंगवाली, एमएच-४० पासिंग. आठवड्यातून चार रात्री छिंदवाड्याकडून भाजी आणतो. उमरानाल्याच्या आसपास माल भरायचा, रात्री निघायचं आणि पहाटे नागपूरच्या कॉटन मार्केटात उतरवायचा. सव्वा टन माल असतो, कधी त्याहून थोडा जास्त. उमरानाला सोडलं की सिल्लेवानीची घाटी लागते. नागपूरहून जाताना ती चढण असते आणि गाडी रिकामी असते. परत येताना तोच उतार असतो आणि गाडी भरलेली. या धंद्यात सगळी भीती त्या तेवढ्या तुकड्यातच आहे. त्या भीतीपायी ब्रेकला जोर देणारा जुना बूस्टर काढून स्टिअरिंगच्या तेलावर चालणारा लावला, त्याचीच ही हकीकत.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. फुलगोबीचे कट्टे भरलेले, रस्ता ओला, पुढे एक ट्रक धिम्या चालीनं उतरत होता. मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो. ट्रक वळणावर अजून हळू व्हायचा, मी ब्रेक लावायचो, सोडायचो, परत लावायचो. चार-पाच वेळा असं झालं आणि पुढच्या वेळी पेडल खाली गेलंच नाही. तुटलं नव्हतं, फसफसलंही नव्हतं. पायाखाली दगड ठेवल्यासारखं कडक झालं होतं. दोन्ही पाय एकावर एक ठेवून, पाठ सीटला रेटून जेवढं दाबता येईल तेवढं दाबलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी त्या ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. क्लीनर पोरगा काहीच बोलला नाही. खाली उतरून त्यानं चाकाला दगड लावला आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसून राहिला.

पाच मिनिटं इंजिन रेस करून ठेवलं तर पेडल परत मऊ झालं. ब्रेक गेलेले नव्हते, फक्त त्यांची मदत गेली होती. आता हे कळतं. त्या रात्री काही कळत नव्हतं.

मानकापूरला माझे मिस्त्री आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. सकाळी माल उतरवून थेट त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी लायनर पाहिले नाहीत की ब्रेक ऑइल पाहिलं नाही. पेडलच्या जोरानं ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. त्याच्या मागच्या काळ्या डब्याची, म्हणजे पायाला साथ देणाऱ्या बूस्टरची, नळी काढली आणि तिला ओढ (व्हॅक्यूम) मोजायचं घड्याळ लावलं, पाऱ्याच्या मिलिमीटरचं.

"काटा पाय," ते म्हणाले. "साडेतीनशे-पावणेचारशेच्या वर जाऊनच नाही रायला. सहाशेच्या वर पायजे. आता तीनदा पेडल दाब."

तीनदा दाबलं. काटा दोनशेवर आला आणि वर चढायला फार वेळ घेऊ लागला.

वीस वर्षं गाडी चालवूनही जे मला माहीत नव्हतं ते त्या दिवशी समजलं. पेट्रोल गाडीत हवेच्या वाटेवर झडप असते. पाय उचलला की ती मिटते आणि इंजिनच ओढ तयार करतं, ती ओढ बूस्टरला फुकटात मिळते. डिझेलमध्ये तशी झडप नसते, इंजिन पूर्ण मोकळा श्वास घेतं. म्हणून ओढ तयार करायला वेगळा पंप लागतो, आणि माझ्या गाडीत तो डायनमोच्या पाठीवर बसवलेला मुठीएवढा पंप आहे. सव्वा टन माल, वरून गाडीचं वजन, दोन माणसं, हे सगळं थांबवताना माझ्या पायाला जी साथ मिळते ती त्या मुठीएवढ्या पंपातून.

बूस्टरच्या आत रबरी पडदा असतो. एका बाजूला ओढ, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, त्याहून जास्त कुठून आणणार? माझा बूस्टर नऊ इंची आहे, पडद्याचं क्षेत्रफळ चारशे चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. सहाशेची ओढ असेल तर मागून सव्वातीनशे किलोच्या आसपास रेटा मिळतो. दोनशेवर आली की शंभर-सव्वाशे किलो. उतारावर इंजिन मंद फिरतं, म्हणजे पंपही मंद फिरतो, आणि नेमकं तेव्हाच आपण पेडल पुन्हा पुन्हा दाबतो. खर्च जास्त आणि आवक कमी. घाटात माझं तेच झालं होतं.

साधा उपाय होता, पंप बदलणे. तो केला. आणि मी अगदी मनापासून सांगतो, ज्याची गाडी शहरात किंवा सपाटीवर फिरते त्यानं इथंच थांबावं. चांगला पंप, नवी नळी, नळीवरचा एकतर्फी व्हॉल्व्ह नवा, बस. पण माझा हा दुसरा पंप होता. पहिला आधीच्या उन्हाळ्यात बदलला होता. त्याला इंजिनचं तेल जातं, ते गळू लागलं की पाती घासतात. नागपूरचा मे महिना, बॉनेटखालची ती भट्टी, रबर काय टिकणार? नळी वाकवून पाहिली तर बोटाखाली बारीक बारीक भेगा उघडल्या. तेव्हापासून प्रत्येक रात्री सिल्लेवानीच्या माथ्यावर आलो की पोटात गोळा यायचा. गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं इंजिन रेस करायचो आणि मगच उतरायचो. असा धंदा करता येत नाही.

चाचांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं की बाहेरच्या काही मोठ्या डिझेल गाड्यांत काळा डबाच नसतो, स्टिअरिंगच्या तेलावर ब्रेक चालतो. मी त्याच्यामागे लागलो. वाचलं, व्हिडिओ पाहिले. बेंडिक्सनं हायड्रो-बूस्ट नावानं ही रचना अमेरिकेत १९७० च्या दशकात आणली आणि तिकडच्या डिझेल पिकअपमध्ये ती सर्रास दिसते. कारण तेच, डिझेलला ओढ नाही. तत्त्व ऐकलं की लगेच पटतं. हवा चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर देऊ शकत नाही, म्हणून एवढा मोठा डबा लागतो. स्टिअरिंगचा पंप त्याच एका चौरस सेंटिमीटरवर सत्तर-ऐंशी किलो सहज देतो, म्हणून डब्याच्या जागी हातात मावेल असा लोखंडी ठोकळा पुरतो. पंपातून तेल आधी त्या ठोकळ्यात जातं, तिथून स्टिअरिंग बॉक्सला आणि मग स्टिअरिंगच्या तेलाच्या डब्यात परत. पेडल दाबलं की आतला स्पूल (तेलाची वाट बदलणारा तुकडा) सरकतो आणि तेल पिस्टनच्या मागे साठून मास्टर सिलिंडर रेटतं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते त्याच्या पोटातलं साठवण. ठोकळ्याला जोडलेला एक छोटा सिलिंडर असतो, अ‍ॅक्युम्युलेटर. त्यात दाबाखाली तेल साठलेलं राहतं. इंजिन बंद पडलं, बेल्ट तुटला, तरी दोन-तीन वेळा मदतीनं ब्रेक लागतो. तोपर्यंत गाडी थांबवायची. त्या रात्री मला तेवढंच हवं होतं, दोन ब्रेक.

ठोकळा दिल्लीच्या मायापुरीतून आणला. भंगारात निघालेल्या बाहेरच्या गाडीचा, जुना. माझ्या मावसभावाचं तिकडे जाणं-येणं असतं, त्यानं आणून दिला. चौदा हजार पडले. चाचांनी तो महिनाभर लावलाच नाही. उघडला, आतले सील बदलले, स्पूलवर नख फिरवून ओरखडा लागतो का ते पाहिलं. उघडण्याआधी अ‍ॅक्युम्युलेटर रिकामा असल्याची खात्री केली. गाडीवर असताना हेच काम करायचं तर इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं, त्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. आत दाब असतो, तो माणसाला इजा करू शकतो.

माझ्या गाडीचा स्टिअरिंग पंप किती दाब देतो ते मोजलं, पंचाऐंशी आला. तो कमी आला असता तर चाचा पुढं जाणार नव्हते, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. दाबाच्या नळ्या हिंगण्याच्या एमआयडीसीत बनवून घेतल्या, जेसीबीचे होज क्रिम्प करतात तिथं. आत तारेची जाळी असलेले होज. साधा पाइप आणि क्लिप या कामात चालतच नाही. एक गोष्ट तिथल्या माणसालाही सांगावी लागली. ठोकळ्यातून परत येणारं तेल वेगळ्या नळीनं थेट डब्यात गेलं पाहिजे. वाटेत अडथळा आला तर ब्रेक सोडल्यावरही आत दाब राहतो.

काळा डबा निघाला, त्याच्याबरोबर पंपवाला डायनमो निघाला. बिनपंपाचा डायनमो लावला. इंजिनमधून पंपाला जाणारी तेलाची वाट बोल्ट आणि तांब्याच्या वायसरनं बंद केली, परतीचीही. ठोकळ्याची भोकं फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकांशी जुळत नव्हती, म्हणून मधे आठ मिलिमीटरची पट्टी लेथवर करून घेतली.

आणि या जोडणीत आम्ही एका ठिकाणी फसलो.

पहिल्या दिवशी रिकामी गाडी घेऊन कोराडीच्या दिशेनं निघालो. ब्रेक असा लागला की क्लीनर पुढं आपटता आपटता राहिला. मी खूश. पाच-सहा किलोमीटरवर, वीज केंद्राच्या चिमण्या समोर दिसू लागल्या तेव्हा गाडी जड वाटू लागली. अ‍ॅक्सिलरेटर देऊनही ओढत नव्हती. मग तो वास आला, जळक्या लायनरचा. एकदा नाकात बसला की माणूस जन्मात विसरत नाही. उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला तर आच लागली.

चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "गाडी थंड होऊ दे. मग मास्टर सिलिंडरचे दोन नट दोन-दोन आटे सैल कर आन् गाडी ढकलून पाय."

तासाभरानं तसं केलं. आधी दोघांनी ढकलून न हलणारी गाडी एकट्यानं हलली. चाचांना फोनवरच उत्तर मिळालं होतं. ठोकळ्यातून मास्टर सिलिंडरला रेटणारा दांडा लांब पडत होता. पेडल सोडलेलं असतानाही तो पिस्टनला किंचित दाबून ठेवायचा. त्यामुळे मास्टर सिलिंडरमधलं बारीक भोक, ज्यातून तेल परत डब्यात जातं, ते झाकलं जायचं. लायनर गरम झाले, तेल फुगलं, त्याला जायला वाट नाही, ब्रेक आणखी आवळले. जितकं चालवाल तितकं आवळत जाणार. रिकाम्या गाडीत, दिवसाउजेडी, सरळ रस्त्यावर झालं म्हणून बरं. हेच घाटात भरल्या गाडीनं झालं असतं तर लायनर जळून ब्रेकच उरला नसता.

दांड्याचं माप कसं घेतलं ते मुद्दाम लिहितो, कारण हे काम करणाऱ्यानं इथं घाई करू नये. चाचांनी आपल्या नातीची खेळायची रंगीत माती आणली. तिची वाटाण्याएवढी गोळी दांड्याच्या टोकाला लावली, मास्टर सिलिंडर अलगद बसवून नट पूर्ण आवळले आणि परत काढला. मातीची गोळी चपटी झाली होती आणि मधे दांड्याचं टोक आरपार बाहेर आलं होतं. म्हणजे जागाच नव्हती. दांडा लेथवर थोडा उतरवला, पुन्हा माती लावली. पुन्हा आरपार. तिसऱ्या वेळी मातीचा पातळ पापुद्रा शिल्लक राहिला. व्हर्नियरनं मोजला तर मिलिमीटरपेक्षा जरा कमी. एवढीच फट हवी. जास्त ठेवली तर पेडल रिकामं खाली जातं, नाही ठेवली तर कोराडीसारखं होतं. ती हिरव्या मातीची चकती चाचांनी टपरीच्या आरशावर चिकटवून ठेवली आहे.

मग हवा काढणं. पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन चालू न करता नुसतं सेल्फ मारत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि तेल वाढवत गेलो. चालू केल्यावर तेलाला फेस आला, तेव्हा बंद करून तासभर सोडलं. चाचांचा पोरगा दुकानावरून तर्री-पोहे घेऊन आला, तोवर फेस बसला होता. दोनदा असं केल्यावर पंपाचा कुरकुर आवाज गेला.

तपासणी सोपी आहे आणि प्रत्येकाला करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जातं आणि लगेच पायाला हलकासा उलट धक्का देतं. तो धक्का मिळाला की समजायचं ठोकळा काम करतोय. साठवण पाहायला इंजिन बंद करून पेडल मोजत दाबायचं. माझ्या गाडीत पहिले दोन मऊ, तिसरा अर्धा, चौथा दगड. दर रविवारी मी हे मोजतो.

हे सगळं झाल्यावर पहिल्या भरल्या फेरीला बाबा बरोबर आले. त्यांनी तीस वर्षं टेम्पो चालवला, या वयात रात्रीचं जागरण त्यांना झेपत नाही, तरी आलेच. सिल्लेवानीच्या माथ्यावर मी सवयीनं गाडी बाजूला घेतली.

"काहून थांबला?"

"काही नाही, सवय."

"मंग चाल ना. दुसऱ्यात टाक आधी."

दुसऱ्यात टाकली. बूस्टर कितीही भारी लावला तरी लायनर आणि ड्रम तेच आहेत. थांबवताना निघणारी सगळी आग त्यांनाच सोसायची आहे. बूस्टर पायाचं काम हलकं करतो, आग कमी करत नाही. इंजिनला गाडी धरून ठेवू दिली तरच ब्रेक वळणापुरता उरतो. जिथं सहा महिन्यांपूर्वी ट्रकच्या फळीपाशी थांबलो होतो त्या वळणावर पेडलवर पाय ठेवला. जोर लावावाच लागला नाही. बारीक सूं असा आवाज आला आणि गाडी मान खाली घातल्यासारखी बसली. सोडलं, परत लावलं, सोडलं, परत लावलं. मुद्दाम दहा वेळा केलं. दहाव्यांदाही पेडल पहिल्यासारखंच.

घाटी उतरल्यावर रामाकोन्याला चहाला थांबलो. बाबा चहाकडे गेले नाहीत. ते चारही चाकांपाशी वाकले आणि तापाच्या पोराचं कपाळ पाहावं तसं हाताच्या पाठीनं हब चाचपून आले. चौथ्या चाकापाशी जरा जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, "मागचं डावं थोडं जास्त गरम हाय. शू पाहून घे." पाहिलं तर खरंच तिथला शू पूर्ण परतत नव्हता, स्प्रिंग ढिली होती. बूस्टरशी त्याचा काही संबंध नव्हता. वर्षभर तसंच चालत असणार.

कुरबुरी आहेतच. कॉटन मार्केटात पहाटे गाडी मागं घेताना ब्रेक दाबून ठेवत स्टिअरिंग पूर्ण कापलं की ते क्षणभर जड होतं, कारण एकच पंप दोघांना तेल पुरवतो आणि इंजिन तर मंद फिरत असतं. जरा रेस दिली की जातं. पहिले आठ दिवस पाय जुन्या सवयीनं जोरात पडायचा आणि कट्टे पुढं घसरायचे. टमाट्याचे दोन कॅरेट त्यातच गेले.

खर्च सांगतो. ठोकळा चौदा हजार, सील आणि होज मिळून साडेपाच, लेथ दीड, डायनमो बदलायचे चार, मजुरी सहा. एकतीस हजार. घरी बायकोनं एकदाच विचारलं की एवढे पैसे कशाला, आणि क्लीनर पोरानं तिला त्या रात्रीचं सांगितल्यावर परत विचारलं नाही.

कागदाचं लिहायलाच हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. माझ्या पुस्तकात बूस्टरचा उल्लेख नाही, तरीही मी विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. तिथं मी बॉनेट उघडून आधीच दाखवलं. लपवून ठेवायचं असेल तर असं काम करूच नये.

आणि दोन तेलं. हे सर्वात शेवटी लिहितोय पण रोज डोक्यात असतं. मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल, ठोकळ्यात स्टिअरिंगचं लाल तेल. दोन्ही डबे आता बॉनेटखाली वीतभर अंतरावर आहेत. स्टिअरिंगचं तेल ब्रेकच्या बाजूला पडलं तर तिथले रबर फुगतात आणि ब्रेक अडकतात किंवा जातात. ब्रेक ऑइल स्टिअरिंगच्या बाजूला पडलं तर तिकडचे सील खराब होतात. मागच्या महिन्यात मी गावी गेलो होतो तेव्हा दुसरा ड्रायव्हर गाडीवर होता. तेल थोडं कमी दिसलं म्हणून तो लाल तेलाचा डबा घेऊन मास्टर सिलिंडरचं झाकण उघडत होता. क्लीनर पोरानं त्याचा हात धरला. मी परत आलो त्याच दिवशी एक झाकण पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलं, एक लाल, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: पांढऱ्यात ब्रेक, लालमध्ये लाल.

दिवाळीआधी स्टिअरिंगचा बेल्ट बदलायचा आहे, अजून चांगला आहे तरी. मावसभावाला दुसरा ठोकळाही बघायला सांगून ठेवलंय, सुट्या भागांसाठी.